टाकीखालची टिकली

आमच्या गावात फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, पाण्याच्या टाकीखाली. बाकी गावात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. म्हणून कोणी "टाकीवर जाऊन येते" म्हणालं की तिला पाणी नको असतं, फोन करायचा असतो. साखरपुडा झालेल्या मुली संध्याकाळी तिकडे निघाल्या की ओट्यावरच्या बायका विचारतात, "काय वं, हंडा घरीच राह्यला का?"

माझी सून घरोघर जाऊन माहिती भरायची आणि ती सगळी टाकीखाली उभी राहून पाठवायची. आमच्याकडे कोणालाही काही पाठवायचं असलं तर असंच पाठवतात. त्यात काही वावगं आहे हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

काम जळगावच्या एका संस्थेचं होतं. आमच्या बोदवडकडचं पाणी जड. हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो चिंचेनेही निघत नाही. मुतखड्याचा त्रास कितीतरी घरांत आहे. कोण कुठल्या विहिरीचं पाणी पितं, घरात कोणाला त्रास आहे, केव्हापासून, हे प्रत्येक घरी विचारून फोनमध्ये भरायचं. नाल्यापलीकडची वाडी सुनेच्या वाट्याला आली होती.

सून नशिराबादची, बी.ए. झालेली, बोलायला धीट. पण लघवीच्या त्रासाबद्दल नव्या सुनेपुढे कोण बोलणार? पहिल्या दिवशी दोन-तीन घरांतून "आम्हाले काही नाही बाई" ऐकून ती परत आली आणि मला म्हणाली, "आई, तुम्ही नुसत्या सोबत चला. बोलायचं नसलं तर नका बोलू."

न बोलणं मला जमतं. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, अहिराणी बोलणारं. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्याच दिवशी नणंदेने विचारलं, "मीठ आहे का डब्यात?" मी म्हटलं, "शे." म्हणजे आहे. सगळं स्वयंपाकघर हसलं. पुढे कित्येक महिने दीर-नणंदा मला मुद्दाम काही ना काही विचारायच्या, दूध आहे का, सरपण आहे का, आणि मी काय म्हणते याची वाट बघत थांबायच्या. मी मान हलवायला शिकले. चौथीपर्यंतची शाळा, त्यात ही भाषा. मान हलवून संसार झाला. मुलं झाली, सून आली, तरी परक्या माणसापुढे तोंड उघडायचं म्हटलं की पदर तोंडावर जातो.

तर मी सोबत गेले. बायका माझ्याकडे बघून पदर सावरायच्या आणि सुनेला सांगायच्या. मी ओट्यावर नाहीतर चुलीजवळ बसायचे, दिलेलं पाणी प्यायचे. एवढंच माझं काम. वाडी दोन दुपारींत पूर्ण झाली. सुनेने सगळं टाकीखाली नेऊन पाठवलं.

आठवडा गेला असेल. ती टाकीवरून आली ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली.

"सरांचा फोन होता," ती म्हणाली. "म्हणतात, मी खोटं भरलं."

ती तुटक तुटक सांगत होती. संस्थेच्या कॉम्प्युटरवर सगळ्या जिल्ह्याचा नकाशा आहे. माहिती भरलेलं प्रत्येक घर त्यावर एक ठिपका होऊन दिसतं. दुसऱ्या गावांचे ठिपके घराघरांवर पसरलेले. आमची वाडी मात्र रिकामी, आणि टाकीजवळ एकच ठिपका. म्हणजे ही बाई वाडीत गेलीच नाही, टाकीखाली बसून मनाने सगळं भरलं. तिने रेंजचं सांगून पाहिलं होतं. सर म्हणाले, असं सगळेच सांगतात. मागे एका गावात एकाने पारावर बसून सगळं गाव भरलं होतं, त्यात दोन मेलेली माणसंही निघाली. उद्या येऊन काय ते सांगा, नाहीतर वाडीचं सगळं काढून टाकू आणि तुमच्या नावापुढे तसा शेरा जाईल.

ह्यांनी बैलाला पाणी दाखवता दाखवता ऐकलं. म्हणाले, "काय वं, सगळी वाडी एका टिकलीत बसोली का तुम्ही?"

एरवी सून त्यांच्या बोलण्याला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी ती उठून आत गेली. मी मागे गेले तर परातीत पीठ घेऊन नुसती बसलेली, पाणी घातलंच नव्हतं.

"कामाचं जाऊ द्या, आई. वाडीत कळलं तर? बायांनी मला काय काय सांगितलं. आता म्हणतील, हिने सगळं खोटं लिहिलं. मग मी कोणत्या तोंडाने त्या रस्त्याने जाऊ?" आणि मग म्हणाली, "तुम्ही चला उद्या. माझ्यासोबत दुसरं कोणीच नव्हतं."

सकाळच्या एस.टी.ने निघालो. नशिराबाद आलं. तिच्या माहेरचा फाटा खिडकीतून सरळ दिसतो, दर वेळी ती मला हात करून दाखवते. त्या दिवशी तिने मांडीवरच्या पिशवीकडे बघत तो जाऊ दिला.

संस्थेचं ऑफिस एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सर पन्नाशीचे, सारखे घड्याळाकडे बघणारे. दुपारी वरचे साहेब नकाशा बघायला येणार होते. एक मुलगी कॉम्प्युटरवर बसली होती, लांब वेणीची, शेजारी कागदात शेव. भिंतीला मोठा पडदा लावलेला, आमच्या दाराची फळी आडवी करावी एवढा.

"बसा, मावशी," सर मला म्हणाले. मी बसले. सुनेने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते तिच्या लक्षात नव्हतं.

पडद्यावर आधी मोठमोठी गोल वर्तुळं होती, प्रत्येकात आकडा. मुलीने बोटाने चाक फिरवलं तसं एकेक वर्तुळ फुटून त्यातून लहान वर्तुळं निघाली, त्यांच्यातून आणखी लहान, आणि शेवटी नुसते ठिपके. तांबडा म्हणजे त्रास असलेलं घर, निळा म्हणजे नसलेलं. वरून काढलेला फोटो खाली होता. मला आमचा नाला ओळखू आला. मग कडुनिंब. मग वाडीची छपरं, एकामागे एक, सगळी उघडी. एकावरही ठिपका नाही. आणि अलीकडे टाकीच्या गोल सावलीशेजारी एक तांबडी टिकली.

मला सुद्धा क्षणभर वाटलं, आपण गेलोच नव्हतो की काय.

"एक नाहीये ती," मुलगी म्हणाली. "एकावर एक आहेत. शेवटी पाठवलेलं घर सगळ्यांत वर बसतं, खालची दिसत नाहीत."

आमच्या आरशाच्या कडेला असंच होतं. सून एका टिकलीवर दुसरी चिकटवून ठेवते, बघणाऱ्याला एकच दिसते.

"थांबा, पातळ करते," म्हणून तिने काहीतरी दाबलं. सगळ्या जिल्ह्याचे ठिपके फिके झाले, पाण्यात कुंकू टाकल्यासारखे. जिथे दोन एकमेकांवर होते तिथे रंग थोडा गडद. आणि आमची टाकीखालची टिकली काळी पडली. मला वाटलं, आता तरी सरांना पटेल की खाली सगळी घरं आहेत.

सर म्हणाले, "बघा. म्हणजे एकूण एक तिथूनच."

सुनेच्या मुठीने पदर आणखी ओढला गेला.

"सर, भरलं घरोघर जाऊन, पाठवलं तिथून. फोन जागा पाठवताना घेतो, भरताना नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"ताई, मी मानतो. पण दाखवू काय मी साहेबांना? त्यांना वाडी रिकामी दिसणार."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना तो विषय संपवायचा होता. त्यांनी मुलीला विचारलं, "ठिपके पसरता येतात ना?"

"येतात. एकावर एक असले की थोडे हलवतो आम्ही." तिने दाबलं आणि ती काळी टिकली फोडणीतल्या मोहरीसारखी उडाली. टाकीभोवती तांबडे-निळे ठिपके विखुरले.

"अजून लांब जातील? वाडीपर्यंत?"

मुलीचा हात थांबला. "जातील. पण ते अंदाजाने पडतील, सर."

"पडू द्या. दुरूनच बघायचं आहे त्यांना. आज एवढं भागवू. आणि ताई, पुढच्या वेळी मात्र..."

सुनेने श्वास सोडला. माझा पदर सुटला. झालं, सुटलो, असं मलाही वाटलं. शेरा नाही, वाडी रिकामी नाही, चारची गाडी मिळेल.

ठिपके वाडीवर जाऊन पडले. मी बघत होते. एक निळा नाल्यात पडला. एक तांबडा खळ्यावर, जिथे घरच नाही. एक तांबडा अशा घरावर पडला की त्या घरच्या मुलीचं लग्न ठरलं आहे आणि त्या घरात कोणाला काही त्रास नाही. उद्या कोणी हा पडदा पाहिला आणि मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर? आणि ज्या घरी आम्ही खूप वेळ बसलो होतो, जिथली बाई बोलता बोलता रडली होती, त्या घरावर निळा. काही त्रास नाही म्हणे.

"तठे नही शे ते," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून निघालं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. सून हळूच म्हणाली, "आई!" आणि त्या एका शब्दात काय होतं ते मला कळलं. सुटत आलेलं मी पुन्हा अडकवलं होतं.

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

"तिथे नाही म्हणतात ते," मुलीने सांगितलं. "माझी आजी असंच बोलते, धुळ्याची." मग माझ्याकडे वळून, "मग कुठे आहे, काकू?"

पडद्यावर बोट लावायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, आम्ही कडुनिंबापासून सुरू केलं आणि चालत चालत गेलो.

"चालत गेलात." मुलगी पुन्हा कॉम्प्युटरकडे वळली. "सर, पाठवल्याची वेळ एकच आहे, पण प्रत्येक घराचं पान केव्हा उघडलं, केव्हा मिटलं, हे फोन लिहून ठेवतो. नकाशाला ते लागत नाही म्हणून आपण कधी बघितलंच नाही."

तिने नकाशा बाजूला केला. पडद्यावर एक आडवी रेघ आली, पहिली दुपार एका टोकाला, दुसरी दुसऱ्या. मग त्या रेघेवर पट्ट्या उमटायला लागल्या, एकेक घराची एकेक पट्टी. काही आखूड, काही लांब. मधे मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे आमचं चालणं. वाडीच्या पहिल्या टोकाला घरं खेटून आहेत, तिथे पट्ट्याही खेटून होत्या. पुढे घरं लांब लांब, तिथे पट्ट्याही लांब लांब.

सरांनी चष्मा वर केला. "हं. पण फोन काय, घरी बसूनही उघडता-मिटता येतो." हेही खरं होतं. ते विचार करत होते. मग म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा. मावशी, तुम्ही सांगा. कोणत्या घरामागून कोणतं."

सून माझ्याकडे बघत बाहेर गेली. मुलीने समोरचा छोटा पडदा माझ्यापासून वळवून घेतला, त्यावर घरांची नावं क्रमाने होती.

मी सांगायला लागले. अर्धं अहिराणी, अर्धं इकडचं, जसं येईल तसं. कडुनिंबाचं घर. मग तिघा भावांचं, भिंत एक आणि दारं तीन, तिन्ही दारं घेतली. मग शेळ्यांवाली. मग चक्कीवाली.

"नाही," सर म्हणाले.

चक्कीवालीच. शेळ्यांवालीच्या समोर तिचं दार. मी डोळे मिटले तेव्हा मला ते दार दिसलं आणि दाराला कुलूप दिसलं.

"कुलूप व्हतं," मी म्हटलं. "ती दळण पोचवायला गेली होती. परतताना घेतली. शेवटी."

"शेवटीच आहे," मुलगी म्हणाली. शेव खाणं तिने केव्हाच थांबवलं होतं.

मी पुढे गेले. दुसऱ्या दुपारच्या मधल्या भागात आले तेव्हा सरांनी हात केला. रेघेवर तिथे एक मोठी मोकळी जागा होती. एक पट्टी संपत होती आणि पुढची खूप नंतर सुरू होत होती.

"इथे काय केलंत? जेवलात?"

"नाही."

"मग?"

त्या घरच्या बाईने विचारलेलं सगळं सांगून झाल्यावर, सुनेने फोन मिटल्यावर, न विचारलेलं सांगितलं होतं. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. ते काय होतं हे मी इथेही लिहीत नाही.

"बसलो होतो. एका घरी. का ते सांगणार नाही."

"मावशी, तुमच्या सुनेचं नाव आहे यावर."

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. एवढा वेळ बोलले आणि नेमकं इथे गप्प झाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी मान हलवली.

सुनेला आत बोलावलं. मला सांगितलं, तिच्याकडे बघू नका. मी भिंतीकडे बघितलं. सरांनी तिला ती मोकळी जागा दाखवली आणि तेच विचारलं.

मला वाटलं, आता ही सांगेल. पोरीचं वय आहे, नाव पणाला लागलेलं, दोन वाक्यांत सुटका होते आहे. सांगितलं तर मी तिच्यावर रागवायचं नाही, असं मी मनाशी म्हणत होते.

"तिथे आम्ही थांबलो होतो," ती म्हणाली. "कशासाठी ते विचारू नका, सर. ते सांगितलं तर मला वाडीत कोणी दार उघडणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच काढून टाका मला."



"दोघी ठरवून आलात की काय?" सर म्हणाले.

"ठरवलं असतं तर काहीतरी सांगितलं नसतं का? जेवत होतो म्हणालो असतो. सोपं होतं."

मुलगी खुदकन हसली. सरांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "ते पसरलेले ठिपके काढा आधी."

ठिपके गेले. मुलीने त्यांच्या जागी सगळ्या वाडीभोवती एक कुंपण आखलं आणि आतला भाग एकाच रंगाने भरला, किती घरांना त्रास आहे तेवढा गडद. त्यावर तिरप्या बारीक रेघा मारल्या. तिने मला समजावलं, रेघा म्हणजे इथलं आम्हाला माहीत आहे, पण नेमकं कोणत्या घरात ते माहीत नाही. साहेबांना असंच दाखवणार.

शेऱ्याचं मात्र लगेच मिटलं नाही. सर म्हणाले, खात्री होईपर्यंत नाव कच्च्या यादीत राहील. पुन्हा वाडीत जा, प्रत्येक दारापुढे उघड्यावर थोडं थांबा, तिथेच जागा घ्या. रेंज नसली तरी फोन जागा घेतो. कसं ते मुलीने करून दाखवलं.

"आणि मग प्रत्येक घराची टिकली सगळ्यांना दिसेल?" सुनेने विचारलं.

"मला आणि सरांना. बाकीच्यांना वाडीचा एकच रंग."

परत वाडीत गेलो तेव्हा ऊन होतं. सून अंगणात फोन वर धरून उभी राहायची, मी शेजारी. काही बायका हसल्या, "ऑं, फोटो काढून राह्यली का घराचा?" आम्ही सांगायचो, त्या हो म्हणायच्या. मग ते घर आलं.

ती बाई दारातच होती. सुनेच्या हातातला फोन बघून खाली उतरली नाही. "माह्या घरावर टिकली लागीन का?"

सुनेने खोटं सांगितलं नाही. "लागेल, काकू. पण दोनच माणसांना दिसेल."

बाई उंबऱ्यावरच उभी. सून फोन खाली करून उभी राहिली. बाई नको म्हणाली असती तर वाडीत एक भोक राहिलं असतं, नेमकं त्या मोकळ्या जागेच्या घरचं, आणि सर काय समजायचं ते समजले असते. मी सुनेकडे बघितलं. ती आग्रह करत नव्हती. फोन पिशवीत टाकायला लागली होती.

बाईने मला विचारलं, "तुम्ही पाह्यलं ना तिथं, जळगावात? तुम्ही सांगा."

"पाह्यलं," मी म्हटलं. "बठ्ठी, सगळी वाडी एकच रंगनी दिसस. तुनं घर निराळं दिसत नही."

तिला माझं बोलणं सगळं कळलं की नाही कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "लाव मंग," आणि पदर नीट करून दाराच्या चौकटीत उभी राहिली. सून म्हणाली, आत गेलात तरी चालेल. ती हलली नाही. जागा घेतल्याची घंटी फोनने देईपर्यंत तशीच उभी होती.

चक्कीवालीच्या घराला पुन्हा कुलूप. पायरीवर बसून वाट पाहिली.

सगळं झाल्यावर टाकीखाली गेलो. पाठवलं. सून फोनकडे बघत उभी, मी टाकीच्या खांबाला टेकून. दोन मुली आमच्या जाण्याची वाट बघत लांब थांबल्या होत्या. बऱ्याच वेळाने फोन आला. पलीकडून कॉम्प्युटरवरच्या मुलीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"पोचल्या सगळ्या टिकल्या, आपापल्या घरी. सरांनी नाव पक्क्यात घेतलं."

सून खाली मातीत बसली. हसत होती की रडत होती ते पदराआड दिसेना.

"काकू आहेत का तिथे?" मुलीने विचारलं.

सुनेने बसल्या जागेवरून फोन माझ्यापुढे धरला. त्या दोन मुली ऐकतील एवढ्या जवळ होत्या.

"शे," मी म्हटलं.